रेंजफाइंडरसाठी नवी ‘पन्नास’ घ्यावी का?

एम माउंटचा कॅमेरा हाताशी आहे, त्यावर ५० मिलिमीटरची एक चांगली लेन्सही आहे, आणि तरी तिच्याहून सरस अशा दुसऱ्या पन्नासचा विचार मनातून जात नाही, अशा वाचकांसाठी हे लिहितो आहे. बहुतेकांकडे असते ती लायकाची समिक्रॉन किंवा झाइसची प्लॅनार. डोळ्यांसमोर असते ती फोइग्टलेंडरची अपो-लान्थार, आणि ऐपत असेल तर लायकाची अपो-समिक्रॉन. सगळ्या एफ/२ च्या. म्हणजे एका स्टॉपचाही जास्त उजेड मिळणार नाही. पैसे मोजायचे ते निव्वळ प्रतिमेच्या दर्जासाठी. निर्णय अवघड होतो तो यामुळेच. एफ/२ वरून एफ/१.४ वर गेल्यावर काय मिळालं ते शटर स्पीडच्या आकड्यात लगेच कळतं. इथे जे मिळतं ते दिसायला बाकी सगळं बिनचूक असावं लागतं.

माझं मत आधी सांगतो. रेंजफाइंडरने काढलेल्या फोटोत तपशील किती उतरेल हे लेन्सच्याही आधी दोन गोष्टी ठरवतात: फोकस नेमका कुठे बसला आणि शटर उघडं असताना हात किती हलला. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात पक्क्या असतील, आणि तुम्ही एफ/२ ते एफ/२.८ च्या टापूत मनापासून काम करत असाल, तर नवी लेन्स जरूर घ्या. तिच्यातला फरक काल्पनिक नाही. पण त्या पक्क्या नसतील तर अपो-समिक्रॉनसुद्धा तुम्हाला प्लॅनारचाच फोटो देईल. सुदैवाने आपण कुठे आहोत हे एक पैसाही न खर्चता तपासता येतं. ते कसं, ते पुढे सांगतो. त्याआधी या लेन्स वेगळं काय करतात ते पाहू.

लायकाची नेहमीची ५० मिमी समिक्रॉन आजही ज्या रचनेवर बनते ती वॉल्टर मांडलर यांनी कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या मिडलंडच्या लाइट्झ कारखान्यात केली. ती १९७९ मध्ये बाजारात आली. १९९४ मध्ये तिला बाहेर सरकणारं अंगचं हुड मिळालं, पण आतली सहा भिंगं आणि चार गट तेच राहिले. झाइसची प्लॅनार झेडएम जपानमध्ये कोसिना बनवते. तिच्यातही सहा भिंगं, चार गट. दोन्ही डबल गॉस घराण्यातल्या. पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये केलेल्या पहिल्या प्लॅनारपासून हे घराणं चालत आलं आहे, आणि छोट्या आकारात इतका दर्जा देणारी दुसरी रचना सापडणं कठीण. एफ/५.६ ला या दोघींनी काढलेला फोटो आणि आजच्या सर्वांत महागड्या पन्नासने काढलेला फोटो शेजारी ठेवले, तर मधल्या भागात फरक शोधावा लागतो. एफ/८ ला तो शोधण्यात अर्थच उरत नाही. एफ/११ च्या पुढे तर विवर्तनामुळे सगळ्याच लेन्स सारख्याच मऊ होत जातात. हे नियम प्रकाशाचे आहेत, किमतीने ते बदलत नाहीत.

फरक आहे तो पूर्ण उघड्या अपर्चरला. पेटर कार्बे यांची अपो-समिक्रॉन मे २०१२ मध्ये, लायकाच्या पहिल्या मोनोक्रोम कॅमेऱ्याबरोबर जाहीर झाली. आठ भिंगं, पाच गट, आणि जवळच्या फोकसला दर्जा टिकावा म्हणून आत स्वतंत्र सरकणारा गट; एवढं असून वजन साधारण ३०० ग्रॅम आणि फिल्टर ३९ मिमीचाच. फोइग्टलेंडरची अपो-लान्थार एम माउंटमध्ये त्यानंतर काही वर्षांनी आली: दहा भिंगं, आठ गट, २८८ ग्रॅम, ४९ मिमी फिल्टर. अमेरिकेत हिची किंमत साधारण हजार डॉलर, तर अपो-समिक्रॉनची तिच्या आठ-नऊ पट. दोन्ही लेन्स एकाच दोषावर सर्वांत जास्त मेहनत घेतात. साध्या लेन्समध्ये निळा, हिरवा आणि लाल प्रकाश अगदी एकाच प्रतलावर एकवटत नाही. म्हणून फोकसच्या किंचित पुढे असलेल्या कडांना जांभळी आणि मागच्या कडांना हिरवी झाक येते. ढगाळ आकाशासमोरच्या उघड्या फांद्या, नळावर चमकणारं ऊन, दिव्यांच्या माळा, चष्म्याची तारेची फ्रेम अशा जागी ती पकडता येते. अपोक्रोमॅटिक रचनेत हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्याबरोबर एफ/२ ला डबल गॉसमध्ये दिसणारा हलका धुरकट पडदा जातो आणि कोपरे मध्यभागाच्या बरोबरीला येतात.

हे सगळं खरं आहे. पण या लेन्स ज्या कॅमेऱ्यावर बसणार त्याची पद्धत विसरून चालत नाही. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहतच नाही. लेन्सच्या पाठीमागची कडा कॅमेऱ्यातल्या एका छोट्या चाकाला ढकलते, ते चाक एक दांडी हलवतं, दांडी व्ह्यूफाइंडरमधली दुसरी प्रतिमा सरकवते. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला असं आपण मानतो. ही सगळी यांत्रिक साखळी आहे. चाक शतांश मिलिमीटरने पुढेमागे असलं, कॅमेरा कधी आपटला असला, लेन्सच्या कडेची घडण किंचित चुकली असली, तर प्रतिमा जुळतात पण फोकस दुसरीकडेच असतो. एसएलआरवर किंवा मिररलेसवर जे डोळ्यांना दिसलं असतं ते इथे नंतर, फाइल उघडल्यावर कळतं.

फोकसची खोली किती असते याचा अंदाज असावा. ५० मिमी, एफ/२, विषय एक मीटरवर: नेहमीच्या पाठ्यपुस्तकी हिशेबाने शार्प पट्टा सुमारे साडेचार सेंटिमीटरचा. पण हा हिशेब ०.०३ मिमीचा अस्पष्ट ठिपका चालवून घेतो, म्हणजे छोट्या प्रिंटसाठी ठीक. महागडी लेन्स जो बारीक तपशील देते तो हवा असेल तर ०.०१ मिमी धरावा लागतो. मग पट्टा दीड सेंटिमीटरवर येतो. उभ्या माणसाचं डोकं बोलता बोलता याहून जास्त हलतं. तुम्ही फोकस करून फ्रेम सरकवलीत, तेवढ्यात तुमचंही. घराघरांत काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये डोळ्याऐवजी कान शार्प आलेला असतो तो बहुधा यामुळे, आणि दोष मात्र लेन्सवर जातो.

आणखी एक गोष्ट फक्त रेंजफाइंडरवाल्यांनाच छळते. काही लेन्समध्ये अपर्चर बंद करत नेलं की सर्वांत शार्प प्रतल मागे सरकतं. व्ह्यूफाइंडरला याचा पत्ताच नसतो. झाइसची ५० मिमी एफ/१.५ सी सोन्नार या सवयीसाठी प्रसिद्ध आहे: एक मीटरवर एफ/२.८ ला फोकस कुठे बसेल हे तिच्या मालकाला अनुभवाने शिकावं लागतं. गोलीय दोष चांगला दुरुस्त केलेल्या लेन्समध्ये हे सरकणं नगण्य असतं. माझ्या मते रेंजफाइंडरसाठी आधुनिक लेन्स घेण्याचं हे कारण शार्पनेसपेक्षा मोठं आहे, आणि त्याची चर्चा मात्र फार कमी होते. सध्याच्या तुमच्या लेन्सचा फोकस मधल्या अपर्चरांना चुकत असेल, तर नवी लेन्स मोठ्या प्रिंटपर्यंत न जाताही रोज उपयोगी पडेल.

आता तपासणी. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. दीड मीटरवर एखादी छापील वस्तू ठेवा, वर्तमानपत्राचं पान किंवा धान्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरं. अपर्चर एफ/२. डिजिटल एममध्ये लाइव्ह व्ह्यू असेल, एम २४० पासून पुढच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो आहे, तर प्रतिमा पूर्ण मोठी करून फोकस करा आणि टाइमरवर फोटो काढा. तुमची लेन्स जास्तीत जास्त जे देऊ शकते ते हे. आता ट्रायपॉड तसाच ठेवून रिंग पूर्ण फिरवा आणि फक्त रेंजफाइंडरने पुन्हा फोकस करून आणखी काही फोटो काढा, दर वेळी रिंग नव्याने फिरवून. मग कॅमेरा हातात घ्या आणि तुम्ही एरवी ज्या शटर स्पीडला काम करता त्याच स्पीडला तेच परत करा. लाइव्ह व्ह्यू नसेल, किंवा फिल्मचा कॅमेरा असेल, तर रेंजफाइंडरने फोकस केल्यावर रिंग केसभर अलीकडे आणि केसभर पलीकडे नेऊनही फोटो काढा. सर्वांत शार्प कोणता ते स्कॅनमध्ये कळेल.

या तीन प्रकारच्या फोटोंमधलं अंतर म्हणजे तुमचं उत्तर. पहिला फोटो स्वच्छ आणि दुसरे सगळे एकाच दिशेने, म्हणजे सतत पुढे किंवा सतत मागे चुकलेले असतील, तर रेंजफाइंडर जुळवून घ्यावा लागेल. जाणत्या कारागिराकडे हे काम होतं आणि त्याचा खर्च लेन्सच्या किमतीपुढे काहीच नाही. दुसरे फोटो कधी पुढे, कधी मागे चुकत असतील, तर प्रश्न डोळ्यांचा किंवा व्ह्यूफाइंडरचा आहे. तिसरे फोटो पहिल्याहून बरेच मऊ असतील, तर हात हलतो आहे. आणि तिन्ही प्रकार जवळजवळ सारखे येत असतील, तर तुम्ही आहे त्या लेन्सची सीमा गाठली आहे. त्या पलीकडे जायला दुसरी लेन्सच लागेल.

डोळ्यांच्या बाबतीत जरा थांबतो, कारण चाळिशीनंतर हा भाग अनेकांना नकळत अडवतो. रेंजफाइंडरची अचूकता त्याच्या दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि व्ह्यूफाइंडरच्या वर्धनावर ठरते. दोन्हींचा गुणाकार करायचा. १९५४ च्या एम ३ मध्ये हे अंतर ६८.५ मिमी आणि वर्धन ०.९१, म्हणजे गुणाकार ६२ च्या पुढे. एम ६ मध्ये ६९.२५ मिमी आणि बहुतेक प्रतींत ०.७२, म्हणजे ५० च्या आसपास. फोइग्टलेंडरच्या बेसा आर २ ए मध्ये ३७ मिमी आणि ०.७, म्हणजे जेमतेम २६. बेसावर एफ/२ ला जवळचा फोकस अडखळत असेल तर लेन्स बदलून ते सुधारणार नाही. लायकाच्या बॉडीवर मात्र एक सोपा उपाय आहे: १.२५ पट वर्धन देणारी छोटी काच व्ह्यूफाइंडरला फिरवून लावता येते. ०.७२ चे ०.९ होतात, गुणाकार एम ३ च्या बरोबरीला जातो आणि ५० मिमीची चौकटही मोठी, पाहायला मोकळी होते. पन्नासच मुख्य लेन्स असलेल्या माणसाने अपो लेन्सच्या आधी ही काच घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन. शिवाय या व्ह्यूफाइंडरची प्रतिमा डोळ्याला साधारण दोन मीटरवर असल्यासारखी दिसते. त्या अंतरासाठी तुमच्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे का हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. दुरुस्तीची छोटी भिंगं व्ह्यूफाइंडरवर बसवता येतात.

हात हलण्याबद्दल जुना नियम आहे: ५० मिमीला १/५० सेकंद. तो छोट्या प्रिंटच्या काळातला आहे. एम १० च्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी ६ मायक्रॉन, एम ११ च्या ६० मेगापिक्सेल सेन्सरवर ३.७६ मायक्रॉन. एम ११ मध्ये सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही. तिथे पिक्सेलपर्यंतचा तपशील हवा असेल तर हातात धरून १/२०० च्या खाली भरवसा ठेवू नये. संध्याकाळी घरात १/२०० आणि एफ/२ म्हटलं की आयएसओ ३२०० किंवा ६४०० येणार. त्या आयएसओला बारीक तपशील दाण्यात आणि त्याच्यावरच्या सफाईत विरघळतो. कमी उजेडात जास्त काम म्हणून अपो लेन्स हवी, हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकतो. तो रंगांच्या झाकेपुरता खरा आहे, शार्पनेसच्या बाबतीत नाही. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकाशी नेहरू गांधीजींच्या मृत्यूची बातमी लोकांना सांगत होते, तेव्हा आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी काढलेला फोटो पाहा. आयुष्यभर बहुतेक काम लायका आणि पन्नासवर केलेल्या छायाचित्रकाराचा हा फोटो आहे. तो हललेला, मंद उजेडातला आहे. तिथे कुठल्याही काळातली कुठलीही लेन्स असती तरी त्यात काही वाढलं नसतं.

तुम्ही प्रत्यक्षात कोणत्या अपर्चरला काम करता, हेही एकदा पाहून घ्या. इथे एक अडचण आहे. एम लेन्समध्ये विजेचा संपर्क नाही, त्यामुळे डिजिटल एम कॅमेरा फाइलमध्ये जे अपर्चर लिहितो ते उजेडावरून बांधलेला अंदाज असतो, नोंद नव्हे. शटर स्पीड आणि आयएसओ मात्र खरे. म्हणून महिनाभर खिशात वही ठेवा आणि फोटोगणिक अपर्चर टिपा. आपण नेहमी एफ/२ लाच काढतो असं सांगणाऱ्या पुष्कळांच्या वहीत एफ/४ आणि एफ/५.६ भरपूर निघतील. रस्त्यावर, यात्रेत, बाजारात फोकस आधीच अडीच-तीन मीटरवर लावून एफ/८ ने काम करणाऱ्याला तर या लेन्समधून काहीच मिळणार नाही. रेंजफाइंडर वापरण्याची ती उत्तम पद्धत आहे, आणि तिला सध्याची लेन्स पूर्ण पुरते.

फिल्मवाल्यांना उत्तर जास्त सरळ देता येतं. कोडॅकच्या माहितीपत्रकात टी-मॅक्स १०० या बारीक दाण्याच्या फिल्मची क्षमता, काळ्या-पांढऱ्यात १००० ला १ इतका फरक असलेल्या आकृतीसाठी, दर मिलिमीटरला २०० रेषा दिली आहे. हाच फरक १.६ ला १ इतका सौम्य असेल तर ६३ रेषा. चेहरा, भिंत, झाडाची पानं यांतला बारीक फरक दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा असतो. ६३ रेषांपर्यंत चांगली डबल गॉस लेन्स मधल्या अपर्चरांना आरामात पोचते. ट्राय-एक्स ४०० हातात धरून वापरत असाल तर विचार इथेच सोडून द्या. ते पैसे रोल, चांगलं स्कॅनिंग आणि प्रिंट यांवर घातलेत तर कामात जास्त फरक पडेल. ट्रायपॉडवर १०० आयएसओची फिल्म वापरून मोठी प्रिंट करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते लोक थोडे आहेत आणि त्यांना हे आधीच ठाऊक असतं.

प्रिंटच्या आकाराचंही असंच. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. एम १० ची फाइल त्याहून मोठी आहे. या आकाराच्या प्रिंटवर हातभर अंतरावरून समिक्रॉन आणि अपो-समिक्रॉन ओळखणं एफ/४ च्या पुढे कुणालाही जड जाईल. एम ११ ची पूर्ण फाइल ३१ बाय २१ इंचांपर्यंत जाते. भिंतीवर तेवढी प्रिंट लावणारे, किंवा फ्रेमचा चौथा भाग कापून वापरणारे, यांना फरक दिसेल. मोबाइलच्या पडद्यावर आणि फोटोबुकात तो दिसणार नाही.

मग घ्यावी कुणी? पहिलं नाव मी मोनोक्रोम सेन्सर वापरणाऱ्यांचं घेईन. रंगीत फाइलमधली जांभळी-हिरवी झाक सॉफ्टवेअरने बरीचशी पुसता येते. मोनोक्रोममध्ये सगळे रंग एकाच करड्या छटेत मिसळून नोंदले जातात, त्यामुळे ती झाक झाक म्हणून राहतच नाही, तिचा मऊपणा होतो आणि तो काढता येत नाही. लायकाने मोनोक्रोम आणि अपो-समिक्रॉन एकाच दिवशी पुढे आणल्या त्यामागे हे सबळ कारण आहे. दुसरे, उघड्या अपर्चरला स्थिर विषय टिपणारे: देवळाच्या गाभाऱ्याबाहेरची दीपमाळ, रात्रीचे रस्ते, जुन्या वाड्यांचे अंधारे जिने, ट्रायपॉडवर. इथे कोपऱ्यापर्यंतची स्वच्छता रोज जाणवेल. तिसरे, ज्यांचा पक्का निश्चय आहे की पुढची अनेक वर्षं एकच बॉडी आणि एकच पन्नास. त्यांना मी हिशेब करायलाही सांगत नाही; जी लेन्स रोज हातात असणार ती उत्तम असावी, ही इच्छा पूर्णपणे रास्त आहे.

माणसांची पोर्ट्रेट हेच मुख्य काम असेल तर मात्र सावकाश. प्लॅनार किंवा जुनी समिक्रॉन एफ/२ ला त्वचेवर जो हलका मऊपणा ठेवते तो अनेकांना हवासा असतो, आणि अपो लेन्स तो ठेवत नाही. ती रोमछिद्रं दाखवते. वयस्क चेहऱ्यांवर हे मला स्वतःला फार आवडतं, फोटो काढून घेणाऱ्यांना नेहमी आवडतंच असं नाही.

घ्यायचीच ठरली तर अपो-लान्थार की अपो-समिक्रॉन? दर्जात पहिली दुसरीच्या इतकी जवळ आहे की आठ-नऊ पट किमतीचं समर्थन प्रतिमेवरून होत नाही. अपो-समिक्रॉनचे पैसे आकारासाठी, घडणीसाठी आणि कमी भिंगांत तेच साधण्यासाठी आहेत. ज्याला ते परवडतं त्याने जरूर घ्यावी, पण शिलकीतून. कर्ज काढून नव्हे. बाकीच्यांना मी अपो-लान्थार सुचवेन. ती घेण्याआधी ती कॅमेऱ्यावर लावून व्ह्यूफाइंडरमधून एकदा पाहाच, कारण प्लॅनारहून ती जाड आहे आणि हुड लावल्यावर चौकटीचा खालचा उजवा कोपरा काही प्रमाणात झाकते. ३९ किंवा ४३ मिमीचे फिल्टर तिला चालणार नाहीत. फोकसची रिंग फिरवायला तुम्हाला खालच्या खुंटीची सवय असेल तर हात नव्याने शिकवावा लागेल. लहान आकारच रेंजफाइंडर घेण्यामागचं कारण असेल, आणि अनेकांचं तेच असतं, तर २३० ग्रॅमची प्लॅनार अजूनही मला सर्वांत समतोल पन्नास वाटते. परदेशातून मागवताना किमतीत सीमाशुल्क आणि जीएसटी धरा, आणि दुरुस्तीसाठी लेन्स कुठे पाठवावी लागेल हे आधी विचारा.

वापरलेली लेन्स घेणाऱ्यांसाठी एक सूचना, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या वाचकांना. आपल्या पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते. फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुणाच्या घरी, कुठेही घ्या, अपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारून तिरकं पाहा. जाळीसारखे धागे म्हणजे बुरशी, एकसारखा दुधी थर म्हणजे धुकं. १९५० च्या दशकातल्या घडी होणाऱ्या समिक्रॉनमध्ये हा थर वारंवार आढळतो. सोव्हिएत ज्युपिटर-८ स्वस्त आणि देखणी आहे, पण तिची फोकसची घडण लायकाच्या मापाशी नेमकी जुळत नाही. जवळचे फोटो एफ/२ ला चुकण्याची तयारी ठेवा. घरी कुठलीही लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवा. ते कपाट अजून नसेल तर नव्या लेन्सच्या आधी ते घ्या.

लेन्स घरी आली की पहिल्याच आठवड्यात, परतीची मुदत असताना, तीन गोष्टी करा. रिंग अनंतापर्यंत फिरवून दूरचा मनोरा किंवा चंद्र पाहा. व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मग एक मीटरवर तिरकी पट्टी ठेवून एफ/२, २.८ आणि ४ ला, फोकसला हात न लावता, फोटो काढा आणि शार्प रेघ कोणत्या आकड्यावर येते ते बघा. शेवटी ट्रायपॉडवरून दूरच्या इमारतींचा एफ/२ ला फोटो घ्या आणि चारही कोपरे सारखे मोठे करून तपासा. चारही किंचित मऊ असतील तर तो रचनेचा भाग आहे. एकच कोपरा ढासळलेला असेल, आणि कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढल्यावरही लेन्सच्या त्याच बाजूचा मऊपणा कायम राहिला, तर भिंग जोडताना तिरकं बसलं आहे. अशी लेन्स ठेवून घेऊ नका. परत पाठवा आणि दुसरी प्रत मागवा.